भरती वेगळी, उधाण वेगळं: गंगापूर धरणावर कयाक शिकलेल्यांसाठी

नाशिकला पाणी चढलं की आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी मूर्तीवर कुठवर आलं ते. पण गोदेला कितीही पूर आला तरी ती वाहते एकाच दिशेला. खाडीचं पाणी दिवसातून चारदा दिशा बदलतं, आणि गंगापूरच्या बॅकवॉटरमध्ये शिकलेल्या माणसाच्या हे डोक्यातच नसतं. तिथे ढकलणारा फक्त वारा.

त्यातून आपण भरतीलाच उधाण म्हणतो. भरती रोजची: दिवसातून दोनदा, आणि दर दिवशी साधारण ५० मिनिटं उशिरा. उधाण पंधरवड्याचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून भरती जास्त चढते. फसगत पुढे आहे: ओहोटीही तितकीच खोल जाते. वेळ मात्र नेहमीचाच, सहा तास आणि वर थोडा. तेवढ्यातच जास्त पाणी खाडीच्या मुखातून निघायचं, म्हणजे ओढ वाढणारच. वादळाशी याचा संबंध नाही. वारा पडलेल्या, लख्ख उन्हाच्या दिवशीही उधाण असतं. उधाणाच्या उलट, अष्टमीच्या आसपास येते ती भांगाची भरती: कमी चढते, कमी उतरते. (भांग म्हटलं की आपल्याला महाशिवरात्रच आठवते, ते सोडा.)

मी पहिल्यांदा कसारा घाट उतरून खाडीत गेलो तो पौर्णिमेचा दुसरा दिवस. जेवून दोनला पाण्यात. खाडी काठोकाठ, संथ. तीननंतर परत फिरलो, तर तिवराची एक वाकडी फांदी शेजारी होती. दहा मिनिटं जीव तोडून वल्हवलं, फांदी शेजारीच. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं, आणि मी नेमका त्यात सापडलो होतो. काठाला लागावं तर गुडघ्याच्या वर चिखल. शेवटी एका होडीवाल्या काकांनी दोर टाकला आणि विचारलं, "आज तिथी कुठली रे?"

त्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तो बराचसा जमतो. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दोनला ओहोटी लागून सव्वा तास झाला होता. पौर्णिमेला सव्वाअकरा. दशमीला साडेसात, आणि तेव्हा भांगही असतो. नवख्याने दशमीची सकाळ धरावी: साडेसहाला लाईफ जॅकेटचे पट्टे आवळून उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पाणी थबकलं की वळायचं. नांगरलेल्या होड्यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, जाऊ नये. प्रवाह कयाक दोरावर दाबून उलटवतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा, कारण आत जावं तशी भरती उशिरा पोचते.

त्या दिवशी काकांनी धक्क्याला आणून सोडलं, तेव्हा पाण्याबाहेर आठ शेवाळलेल्या पायऱ्या होत्या. उतरताना मला दोनच दिसल्या होत्या.