फोल्डर कॉपी केला म्हणजे क्लोन झाला का?

प्रोजेक्ट एका लॅपटॉपवर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, अशी वेळ आली की इंजिनिअरिंगची मुलं हमखास एक उपाय करतात. ज्याच्याकडे चालतंय त्याचा पायथन एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस (तयार कोडचे संच) ठेवलेला, अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि आपल्याकडे टाकायचा. मग लिनक्सवर एरर येतो, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर डोळ्यांसमोर असते! तरीही तो एरर खरंच बोलत असतो.

मुळात वेगळं एन्व्हायर्नमेंट लागतं कशाला? आपण इन्स्टॉल केलेली पॅकेजेस पायथन 'साइट-पॅकेजेस' नावाच्या फोल्डरात शोधतो, आणि तिथे एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. जून 2024 मध्ये आकडेमोडीच्या नम्पाय या पॅकेजचं 2.0 आलं. 2006 नंतरची ही पहिलीच मोठी आवृत्ती, आणि नम्पाय 1 धरून कम्पाइल केलेली (म्हणजे आधीच यंत्राच्या भाषेत बदललेली) बरीच पॅकेजेस तिच्यावर चालेनात. जुन्या प्रोजेक्टला 1 हवं, नव्याला 2. मग प्रत्येकाला स्वतःचं साइट-पॅकेजेस देणं हाच मार्ग उरतो. व्हर्च्युअलएन्व्ह नावाचं टूल 2007 पासून हेच करतं. 2012 मध्ये पायथन 3.3 बरोबर व्हेन्व्ह आलं आणि त्याच वर्षी पॅकेजेस आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही सांभाळणारा कॉन्डाही.

आता त्या एररकडे येऊ. एन्व्हायर्नमेंटमधली 'पिप'ची, म्हणजे पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामची, फाइल नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि त्यापुढे पायथन चालवणाऱ्या प्रोग्रामचा संपूर्ण पत्ता लिहिलेला दिसेल, म्हणजे कुठल्या युजरच्या कुठल्या फोल्डरात तो आहे ते. फोल्डर हलला तरी ही ओळ हलत नाही. सापडत नाही तो त्या पत्त्यावरचा पायथन. पिपची फाइल जागेवरच असते.

कॉन्डाला 'क्लोन' सांगितलं की तो मात्र आंधळी कॉपी करत नाही. जुन्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पॅकेजेसची यादी काढतो आणि तीच पॅकेजेस, त्याच बिल्डसकट (म्हणजे तयार केलेली नेमकी तीच प्रत), आपल्या साठ्यातून नव्या जागी पुन्हा बसवतो. बहुतेक फाइलींना तो फक्त हार्ड लिंक देतो. डिस्कवरचा मजकूर एकच राहतो, त्याला नावं दोन मिळतात. म्हणून काही जीबींचा क्लोनसुद्धा डिस्कवर फारशी नवी जागा खात नाही.

ज्या फाइलींच्या पोटात पत्ता लिहिलेला आहे, त्यांचं काय? इथली युक्ती मला फार आवडते. साध्या मजकुराच्या फाइलीत जुना पत्ता खोडून नवा लिहिता येतो. कम्पाइल केलेल्या फाइलीत ते जमत नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्ट ठरलेल्या बाइटवर असते. एक अक्षर कमी झालं तरी पुढचं सगळं सरकतं आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून पॅकेज तयार करतानाच ते मुद्दाम एका लांबलचक खोट्या पत्त्यावर तयार करतात. 'प्लेसहोल्ड' हा शब्द पुन्हा पुन्हा जोडून तो पत्ता लिनक्स आणि मॅकवर तब्बल 255 अक्षरांपर्यंत ताणलेला असतो. छापील अर्जात नावासाठी भरपूर चौकटी सोडतात, तसंच हे. तुमचा खरा पत्ता 30 अक्षरांचा असेल तर कॉन्डा तो तिथे लिहितो, त्यामागचा उरलेला भाग डावीकडे ओढतो आणि शेवटी 225 शून्य बाइट भरतो. सी भाषेत शून्य बाइट आला की शब्दमालिका संपली असं मानतात, त्यामुळे प्रोग्राम नेमका खरा पत्ताच वाचतो. फाइलीची लांबी एका बाइटनेही बदलत नाही. एखाद्या कम्पायलरने त्या मालिकेची लांबी आधीच मोजून कोडात गोठवली असेल, तर मात्र ही युक्ती फसते. आणि एम-वन किंवा त्यापुढच्या चिपच्या मॅकवर अशी बदललेली फाइल कॉन्डाला पुन्हा डिजिटल सहीने साइन करावी लागते, नाहीतर मॅक ती चालवायलाच नकार देतो.

'सगळं उडवा, तीनदा रीस्टार्ट करा, आपोआप चालेल' हा सल्ला म्हणजे तांत्रिक अंगारा-धुपारा आहे. कॉम्प्युटर रुसत नाही. एररची शेवटची ओळ शांतपणे वाचली तर कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा आहे: वेगळं एन्व्हायर्नमेंट म्हणजे सुरक्षित पिंजरा. मुळीच नाही. त्यात टाकलेलं लबाड पॅकेज तुमचे फोटो, पासवर्डच्या फाइली, सगळं वाचू शकतं. वेगळी होतात ती फक्त पॅकेजेस.

क्लोनचा उपयोग त्याच मशीनवर. मोठं अपग्रेड करण्याआधी क्लोन करा आणि प्रयोग क्लोनवर करा. बिघडला तर तो काढून टाका, मूळ जसंच्या तसं राहतं. मित्राच्या लॅपटॉपवर न्यायचं असेल तर फोल्डर नको, यादी न्या. पिपवाल्यांनी 'फ्रीझ'ने काढावी, कॉन्डावाल्यांनी 'एक्स्पोर्ट'ने. तुमच्याकडे विंडोज आणि मित्राकडे लिनक्स असेल, तर कॉन्डाची यादी 'फ्रॉम हिस्टरी' लावून काढा. मग तुम्ही स्वतः मागवलेलीच पॅकेजेस तिच्यात येतात, आणि त्यांना लागणारी बाकीची मित्राचा कॉन्डा त्याच्या मशीनप्रमाणे शोधून घेतो.