फॅमोटिडिन आन् ओमेप्राझोल: कुत्र्या-मांजराला देताना या दोन गोळ्या एक समजू नका

आमच्या परभणीत कुत्र्यानं ओकलं की शेजारपाजारचे लगेच सांगतात, ॲसिडिटीची गोळी द्या. कोणती, ते कुणी सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमचा मोती लंगडायला लागला तर मी घरातली माणसाची दुखण्याची गोळी भाकरीत घालून दिली, दोन दिवसांनी त्याला डांबरासारखी काळी शी झाली. पोटात जखम, आतून रक्त. डॉक्टरांनी ओमेप्राझोल लिहून दिलं, मेडिकलवाल्याकडं ते नव्हतं, त्यानं फॅमोटिडिन दिली, म्हणला सेमच हाय काका, आन् मी घेऊन आलो.

सेम नाहीत. पोटाच्या अस्तरात ॲसिड सोडणारे बारके पंप असतात, ते चालू करायला तीन बटनं समजा, हिस्टामिन आन् गॅस्ट्रिन ही शरीरातलीच दोन रसायनं, आन् तिसरा नसांकडून येणारा इशारा. फॅमोटिडिन फक्त हिस्टामिनचं बटन दाबू देत नाही, बाकीची दोन चालूच राहतात. ओमेप्राझोल थेट पंपच बंद पाडतं. म्हणून फॅमोटिडिन काही तासांत काम करते पण कमी जोराची, आन् रोज देत राहिलं की दोन आठवड्यांच्या आतच तिचा असर उतरायला लागतो. ओमेप्राझोलला पूर्ण जोर यायला 2 ते 4 दिवस लागतात, पण जखम भरायची असेल तर तेच लागतं, तेही दिवसातून दोनदा. अमेरिकेतल्या जनावरांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी 2018 साली हेच लिहून ठेवलंय, आन् दोन्ही सोबत देऊन जास्तीचा फायदा नाही हे पण.

द्यायची पद्धत पण वेगळी. ओमेप्राझोल उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. आईनं एकदा मनीसाठी कॅप्सूल उघडली, आतले पांढरे साबुदाण्याहून बारके दाणे खलबत्त्यात बारीक कुटले आन् दुधात कालवले. त्या दाण्यांवरचं आवरणच औषधाला पोटातल्या ॲसिडपासून वाचवतं, आतड्यात गेल्यावर ते विरघळायला पाहिजे, कुटलं की संपलं. मांजराला गोळी दिल्यावर सिरिंजनं थोडं पाणी पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथंच जखम करते.

डोस अंदाजानं नको. दोन्हीचा हिशोब साधारण किलोमागं 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे 4 किलोच्या मांजराला 4 मिलिग्रॅम, आन् आपल्या घरातली फॅमोटिडिनची गोळी असते 20 नाहीतर 40 ची! म्हाताऱ्या मांजरांची किडनी बऱ्याचदा कमजोर असते, फॅमोटिडिन किडनीतूनच बाहेर पडते, मग डोस अजून कमी करावा लागतो, ते डॉक्टरच ठरवतील. नावात डी असलेल्या कॅप्सूलमधे बऱ्याचदा डोमपेरिडोन हे उलटीचं दुसरं औषध पण असतं, ती तर उचलूच नका. ओमेप्राझोल 3-4 आठवडे चाललं असेल तर एकदम बंद करू नका, ॲसिड उसळून येतं, हळूहळू कमी करा.

आन् सगळी उलटी ॲसिडची नसते हो. सकाळी उपाशीपोटी पिवळा फेस आला तर ते पित्त असतं, पुष्कळ कुत्र्यांना रात्री झोपताना थोडं खायला दिलं की तेवढ्यानंच थांबतं. पण काळी शी, चहाच्या चोथ्यासारखी उलटी, पोट फुगून नुसते कोरडे उमासे, किंवा मांजर दिवसभर जेवलं नाही, यातलं काहीही दिसलं तर गोळी शोधत बसू नका, दवाखाना गाठा. परभणीत व्हेटरनरी कॉलेज आहे, उदगीरला पण आहे.

मोतीची शी पाचव्या दिवशीही काळीच होती. डॉक्टरांनी स्ट्रिप हातात घेऊन नाव वाचलं आन् मला परत मेडिकलवर पाठवलं, या वेळी कागदावर नाव मोठ्या अक्षरात लिहून. ओमेप्राझोल सुरू केल्यावर आठवडाभरात शीचा रंग पिवळट झाला, मी रोज सकाळी अंगणात वाकून बघायचो.