गच्चीवरील भाजीबाग

इमारतीच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत वाफे, क्रेट व कुंड्या मांडून घरापुरता भाजीपाला आणि कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, ओवा यांसारख्या वनस्पती पिकवण्याची पद्धत. जमिनीत ओल कमी पडली तर झाडाचे मूळ खोल जाते. कुंडीतल्या झाडाला ती सोय नसते. त्यामुळे बियाणे कितीही चांगले असले तरी पीक ठरते ते आत काय भरले आहे यावर.

पहिला विचार वजनाचा. वापरातल्या गच्चीवर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार येईल, असे भारतीय मानकात (आयएस ८७५) धरलेले असते. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर तेवढ्याच जागेत ५०० किलोंच्या वर जातो. म्हणून निव्वळ मातीचे वाफे गच्चीवर करू नयेत. मुंबईत आर. टी. दोशी यांनी रसवंतीवर वाया जाणारे उसाचे चिपाड वापरून शहरी शेतीचा हलका मार्ग दाखवला. पालापाचोळ्यातून सुपीक माती घडवण्याचा श्रीपाद अच्युत दाभोळकर व त्यांच्या प्रयोग परिवाराचा (शेतीत स्वतः प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या गटाचा) विचारही याच दिशेचा. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर अशी बाग पिकली आहे.

वाफा सिमेंट न लावता विटा रचून करतात : उंची ९ इंच, रुंदी ३ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. मध्ये चालायला वाट हवीच, तिने भारही विभागला जातो. पन्हाळीकडे जाणारा उतार अडवू नये. गच्ची गळकी असल्यास आधी दुरुस्ती करावी; नंतर वाफा उपसणे फार जिकिरीचे. भाडेकरूंसाठी भाजीचे प्लास्टिक क्रेट सोयीचे : आत शेडनेटचे अस्तर लावून ते विटांवर ठेवले की खालून हवा खेळते आणि कोबा कोरडा राहतो.

तळाला नारळाच्या शेंड्यांचा २–३ इंचांचा थर, त्यावर चिपाड व वाळका पाला दाबून, आणि वर ३ इंच शेणखत किंवा गांडूळखत, लाल माती व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा धुवावी, कारण तिच्यात क्षार असतात. ताज्या चिपाडावर लगेच रोपे लावली तर ती पिवळी पडतात : चिपाड कुजवणारे जिवाणू नत्र आधी खाऊन टाकतात. म्हणून भरण जीवामृताने भिजवून तीन-चार आठवडे ठेवावे. २० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, गूळ व बेसन प्रत्येकी १५० ग्रॅम आणि मूठभर जिवंत (रसायने न पडलेली) माती कालवली की दोन दिवसांत जीवामृत तयार होते. आठवड्यात संपवावे, झाडांना दहापट पाण्यातून द्यावे. दोन महिन्यांत भरण खचून जवळपास निम्मे होते, तेव्हा वरून नवे घालावे.

मेथी, पालक, कोथिंबिरीला ६ इंच खोली पुरते. टोमॅटो, वांगी, मिरचीला एका रोपास १५–२० लिटरची कुंडी लागते, दुधी-दोडक्याला दुप्पट. फळभाज्यांना सहा तास ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. धणे हलके रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवावेत, आठ-दहा दिवसांत उगवतात. एप्रिल-मेमध्ये निम्मे ऊन अडवणारे (५० टक्के) शेडनेट नसेल तर कोथिंबीर लगेच तुऱ्यावर येते.

सर्वाधिक घोटाळा पाण्याचा होतो. काळी माती वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते, भोकातून वाहते, आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. पाणी तर घातले, मग झाड का सुकले, असे कोडे पडते. बोट दोन पेरे आत खुपसून ओल पाहावी. टोमॅटोचे बूड काळे पडले की अनेक जण चुना घालतात, पण बहुतेक वेळा कारण आज कोरडे, उद्या चिंब अशा पाण्याचे असते : कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोहोचत नाही. मिरचीची पाने मुरडली तर पालथी करून फुलकिडे, कोळी या बारीक किडी आहेत का पाहावे. लिटरला ५ मिली निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी, संध्याकाळी फवारावे.

उंच मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, म्हणून वेलांना हाताने परागीभवन करावे लागते. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे केसर मादी फुलाच्या मध्यावर टेकवतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ दिसते, तीच खूण. काकडी, कारले, भोपळा यांचे काम सकाळी उरकावे, दुधी व दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात.