हॅश इंडेक्सला लॉग मिळेपर्यंत

डेटाबेसमधला इंडेक्स, म्हणजे टेबलमधल्या ओळी पटकन शोधून देणारी सूची, बिघडला तर टेबलवरून पुन्हा बांधता येतो, हा विचार फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या काळात चालून गेला. वीज गेली, डीबीएफ (टेबल) आणि सीडीएक्स (इंडेक्स) फायलींचा मेळ बसेना, की रीइंडेक्स मारायचा. तेवढा वेळ काउंटर बंद, एवढंच. मायएसक्यूएल डेटाबेसच्या मायआयसॅम या साठवण-प्रकाराचाही खाक्या तोच: क्रॅशनंतर रिपेअर टेबल. टेबल कोट्यवधी ओळींचं झालं की हा उपाय परवडत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 2001 साली, आवृत्ती 7.1 मध्ये राइट-अहेड लॉग आला. बदललेलं पान (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) डिस्कवर जाण्याआधी बदलाची नोंद लॉगमध्ये गेलीच पाहिजे. सर्व्हर पडला तर उठताना त्या नोंदी पुन्हा चालवायच्या. बी-ट्री इंडेक्सची, म्हणजे झाडासारख्या रचनेत क्रमाने नोंदी ठेवणाऱ्या नेहमीच्या इंडेक्सची, सोय झाली. किमतीवरून काढलेल्या आकड्यानुसार नोंदी बकेट नावाच्या कप्प्यांत टाकणारा हॅश इंडेक्स मात्र 2017 च्या आवृत्ती 10 पर्यंत लॉगबाहेरच राहिला. परिणाम असा: क्रॅशनंतर ग्राहकाची ओळ लॉगमुळे टेबलमध्ये परत येई, पण हॅशच्या बकेटमध्ये तिचा पत्ताच नसे. ईमेलवरून शोधलं तर शून्य ओळी, पूर्ण टेबल चाळलं तर ग्राहक हजर. एररही नाही! माझ्या मते एरर देऊन थांबणारा इंडेक्स यापेक्षा शंभर पटीने बरा. 2010 पासून याच लॉगवर चालणाऱ्या स्टँडबाय सर्व्हरवर (मुख्य सर्व्हरची तयार ठेवलेली प्रत) शोधही घेता येऊ लागला, तेव्हा तिथला हॅश इंडेक्स क्रॅश न होताच शिळा पडू लागला. डॉक्युमेंटेशनमध्ये 'वापरू नका' असा इशारा होता, तो उगीच नव्हे.

बी-ट्रीचं कामही वाटतं तितकं सरळ नाही. पान भरलं की ते दुभंगतं, नवं पान बनतं आणि वरच्या पानात त्याचा दुवा घालावा लागतो. नेमकं मध्येच मशीन पडलं तर? आयबीएममध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1992 च्या सुमारास क्रॅशमधून सावरण्याच्या एरीज पद्धतीत याचं उत्तर मांडलं. व्यवहार (ट्रान्झॅक्शन) रद्द झाला तरी पूर्ण झालेलं विभाजन मागे घ्यायचं नाही, कारण तोवर त्या पानात दुसऱ्या व्यवहाराच्या कीज (इंडेक्समधल्या शोधायच्या किमती) आलेल्या असू शकतात. फक्त आपली की काढायची. पोस्टग्रेसने 2014 च्या 9.4 मध्ये अर्धवट विभाजनावर खूण ठेवायला सुरुवात केली. पुढचा इन्सर्ट तिथे पोचला की राहिलेलं काम तोच उरकतो.

इंडेक्स तपासणारं एएमचेक (amcheck) पोस्टग्रेसच्या आवृत्ती 10 सोबत आलं, पण टेबलमधली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का, हे त्याला आवृत्ती 11 पासून विचारता आलं. तेही तेव्हा फक्त बी-ट्रीपुरतं.