ढालीवरचं जाउस्टिंग आणि कडीतलं जाउस्टिंग

मेरीलँडमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला कोणीतरी लवकरच सांगतं, की जाउस्टिंग, म्हणजे घोड्यावरून भाल्याने खेळायचा खेळ, हा या राज्याचा अधिकृत खेळ आहे. 1962 साली तसा कायदा झाला आणि अधिकृत खेळ ठरवणारं मेरीलँड हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. मग ऑगस्ट संपता संपता क्राउन्सव्हिलचा रेनेसाँ फेस्टिव्हल सुरू होतो. आपण मुलाबाळांना घेऊन जातो, चिलखतातले दोन स्वार एकमेकांच्या ढालींवर भाले रोखून समोरासमोर धावताना बघतो आणि ‘हाच तो राज्याचा खेळ’ असं मनाशी पक्कं करून घरी येतो. मीही बराच काळ तसंच समजत होते. पण ज्या खेळाला तो मान मिळाला, तो वेगळा आहे: धावत्या घोड्यावरून टांगलेली कडी भाल्यावर घेण्याचा. त्यात चिलखत नाही, ढाल नाही, आणि समोर कोणी प्रतिस्पर्धीही नाही.

ही जत्रा 1977 पासून भरते आहे, क्राउन्सव्हिलला ती 1985 साली आली. झाडीत वसवलेलं एक काल्पनिक इंग्लिश गाव, आठव्या हेन्रीचा दरबार, लोहाराची भट्टी, कारागिरांची दुकानं. नीट पाहिलं तर हा काळ मध्ययुगाच्या शेवटाचाही पुढचा, सोळाव्या शतकातला आहे. पण जाउस्टिंगसाठी तो चुकीचा नाही, कारण खुद्द हेन्रीला या खेळाचं भारी वेड होतं. 24 जानेवारी 1536 रोजी ग्रीनिचच्या मैदानात तो घोड्यावरून जबर पडला आणि त्यानंतर तो पुन्हा या खेळात उतरला नाही.

या ढालीवरच्या जाउस्टिंगची रचना दिसते त्याहून विचारपूर्वक केलेली आहे. दोन स्वारांच्या मध्ये जो लांबलचक कठडा असतो, त्याला टिल्ट म्हणतात. पंधराव्या शतकात तो रूढ झाला. आधी नुसतं कापड ताणलेलं असे, पुढे लाकूड आलं. घोडे एकमेकांवर आदळू नयेत हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग सहज लक्षात येत नाही. प्रतिस्पर्धी डाव्या हाताला असतो आणि भाला उजव्या काखेत, त्यामुळे भाला घोड्याच्या मानेवरून तिरका जातो. तिरका बसलेला भाला लवकर मोडतो आणि आघाताचा जोर कमी होतो. म्हणजे भाला मोडणं हे अपयश नव्हे, गुण मोडलेल्या भाल्यालाच मिळतात. आजच्या जत्रांमध्ये भाल्याचं टोक मुद्दाम ठिसूळ लाकडाचं ठेवतात. काही ठिकाणी निकाल आधीच ठरलेला असतो, काही ठिकाणी खरी चुरस असते. पण ठरलेल्या निकालातही धडक खोटी नसते. अंगावर तीसेक किलो लोखंड चढवून ऑगस्टच्या उन्हात ती सोसणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

धोका किती खरा होता, हे फ्रान्सला 1559 मध्ये कळलं. राजा दुसरा हेन्री (हा वेगळा हेन्री, फ्रेंच) जाउस्ट खेळत असताना प्रतिस्पर्धी मोंटगोमेरीच्या भाल्याची फुटलेली ढलपी त्याच्या शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात घुसली. दहा दिवसांनी तो गेला. कडीवर भाला चालवण्याचा खेळ तेव्हाही होता, स्वारांच्या सरावाचा भाग म्हणून. समोरासमोरची धडक दरबारांतून मागे पडत गेली तसा तो सराव स्वतःच एक खेळ बनला.

हाच धागा अटलांटिक ओलांडून मेरीलँडला आला. कॅल्व्हर्ट काउंटीत पोर्ट रिपब्लिकच्या क्राइस्ट चर्चच्या आवारात 1866 पासून, म्हणजे यादवी युद्ध संपल्याच्या दुसऱ्याच वर्षापासून, ही स्पर्धा होत आली आहे. ऑगस्टचा शेवटचा शनिवार हा तिचा ठरलेला दिवस. गावजेवण, चर्चसाठी निधी आणि घोडे असं तिचं घरगुती रूप आहे. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या भाच्याने अर्धा तास वाट बघून विचारलं, “मावशी, लढाई कधी सुरू होणार?” स्पर्धा तर केव्हाची सुरू झाली होती.

सुमारे 73 मीटरची सरळ धाव. तिच्यावर तीन कमानी. प्रत्येक कमानीखाली जमिनीपासून पावणेसात फुटांवर दोरा गुंडाळलेली एक कडी टांगलेली. स्वाराने आठ-नऊ सेकंदांत ही धाव संपवायची आणि वाटेत तिन्ही कड्या भाल्याच्या अणकुचीदार टोकावर घ्यायच्या. तीन फेऱ्या, नऊ कड्या. सगळ्यांत मोठी कडी तान्ह्या बाळाच्या बिंदलीएवढी, साडेचार सेंटिमीटरच्या आतली. बरोबरी झाली की कडी लहान करतात, मग आणखी लहान. शेवटची जेमतेम सहा मिलिमीटरची, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान.

घोड्यांची निवडही त्यामुळे उलटी होते. ढालीवरच्या खेळात धिप्पाड घोडा लागतो, समोरून अंगावर येणारा घोडा पाहून आणि खणखणाट ऐकूनही न बुजणारा. कडीच्या खेळात जात महत्त्वाची नाही, चाल महत्त्वाची. घोड्याची पाठ वर-खाली हिंदकळली की भाल्याचं टोकही हिंदकळणार. म्हणून स्वार रिकिबीवर उभा राहून पुढे झुकतो, गुडघ्यांत सगळे धक्के जिरवतो आणि डोळे कडीवरून हलवत नाही. एकसारख्या वेगाने सरळ रेषेत धावणारा घोडा मिळाला, तर स्वाराचं निम्मं काम झालं. ताकदीचा इथे फारसा संबंध नाही, त्यामुळे बायका आणि शाळकरी मुलीही पुरुषांच्या बरोबरीने उतरतात. पुरुष ‘नाइट’ आणि बाई ‘मेड’, पुढे आपल्या गावाचं किंवा शेतवाडीचं नाव, आणि पुकारा त्याच नावाने होतो.

मराठी माणसाला यातलं दुसरं जाउस्टिंग जास्त ओळखीचं वाटावं. आपल्या लष्करातले स्वार टेंट पेगिंग करतात, भरधाव घोड्यावरून जमिनीतली खुंटी भाल्याने उचलतात. त्याच स्पर्धांमध्ये कडी घेऊन मग खुंटी उचलण्याचा प्रकारही असतो. पोर्ट रिपब्लिकचा खेळ या कुळातला आहे.

मुळात जाउस्ट हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ ‘जवळ येणं, भिडणं’ असा आहे. त्या अर्थाने पाहिलं तर नाव शोभतं ते ढालीवरच्या खेळाला, आणि राज्याचा मान आहे कडीच्या खेळाला. एकाला खरं आणि दुसऱ्याला लुटुपुटूचं म्हणणं मला पटत नाही. पण एकच दिवस हाताशी असेल आणि कोणी मला विचारलं, तर मी पोर्ट रिपब्लिकला जा म्हणेन. क्राउन्सव्हिलला भाला मोडल्याचा कडाका शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतो. इथे कडी निघते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. स्वार धावेच्या टोकाला जाऊन वळतो, भाला आडवा धरतो, आणि कठड्याशी उभे असलेले लोक टाचा उंचावून त्यावरच्या कड्या मोजू लागतात.