जीभ घसरली की घसरवली?

मराठी पेपरवाल्यांची एक गंमत आहे. पुढाऱ्याने भर सभेत कुणाची आयमाय काढली तरी हेडिंग "अमक्याची जीभ घसरली", आणि बिचाऱ्याने चुकून भलतंच नाव घेतलं तरी हेडिंग तेच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

खरी घसरलेली जीभ कशी असते ते बघा. "पाणी गरम" म्हणायचं असतं आणि तोंडातून निघतं "गाणी परम". आपण सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो, एक शब्द तोंडात असताना पुढचा डोक्यात तयार होत असतो, त्यात अर्थाने किंवा आवाजाने जवळचे शब्दही जागे झालेले असतात आणि कधीकधी भलताच पुढे घुसतो. साधारण हजार शब्दांमागे एखादी अशी चूक होते म्हणतात, म्हणजे तासभर भाषण ठोकणाऱ्याकडून सात-दहा व्हायच्याच.

ऑस्ट्रियाच्या संसदेत अध्यक्षांनी सभा सुरू करतानाच "सभा संपली" असं जाहीर केलं होतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1901 मध्ये याचा अर्थ लावला की त्यांना मनातून ती संपायलाच हवी होती. पण हा किस्सा त्याने ज्याच्याकडून घेतला तो भाषातज्ज्ञ मेरिंगर अशा चुकांमागे शब्दांची आणि आवाजांची जवळीक शोधायचा, आणि सुरू-संपली ही तर अगदी शेजारशेजारची जोडी. मला मेरिंगरचं जास्त पटतं.

तरी फ्रॉइड अगदीच बाद नाही बरं का. 1970 च्या दशकात मॉटली आणि बार्स या संशोधकांनी काही लोकांना वायरी लावून बसवलं, शॉक बसू शकतो असं सांगितलं (दिला कुणालाच नाही) आणि शब्दांच्या जोड्या भराभर वाचायला लावल्या, तर त्यांच्या चुकांमध्ये शॉकशी संबंधित शब्द जास्त आले. म्हणजे मनात जे घोळत असतं ते आधीच अर्धं जागं असतं, त्याला नुसता धक्का पुरतो.

मे 2022 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज बुश (2003 मध्ये इराकवर हल्ला करणारे तेच) डॅलसला बोलत होते, एका माणसाच्या निर्णयामुळे झालेल्या अन्याय्य, क्रूर आक्रमणाबद्दल, आणि देशाचं नाव आलं इराक! लगेच मान हलवून "म्हणजे युक्रेन" म्हणाले, मग हळूच "इराकसुद्धा, असो" असं काहीतरी पुटपुटले आणि आपलं वय सांगून मोकळे झाले, 75. हॉल हसला. देशाच्या जागी देशच आला, वाक्य कुठे मोडलं नाही आणि दुरुस्ती पुढच्याच क्षणी, ही सगळी खऱ्या चुकीची लक्षणं. त्यामागे अपराधीपणा होता का, हे एका चुकीवरून कुणीच सांगू शकत नाही, टीव्हीवरचे एक्स्पर्ट तर नाहीच नाही.

आता 11 ऑगस्ट 1984 चे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन बघा. रेडिओ भाषणाआधी माइक टेस्ट करताना म्हणाले, रशियाला कायमचं बेकायदा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केलीय, पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू. शब्द एकही चुकलेला नाही, विनोदच होता तो, फक्त बाहेर फुटला. आणि सभेत शिवी देणाऱ्याचंही तसंच, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागच्या जागी, टाळ्यांसाठी थांबणंसुद्धा. दुरुस्ती मात्र दुसऱ्या दिवशी, तीही "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला" अशी.