नाण्यावरची चूक टांकसाळीतली की नंतरची?

आमच्याकडे तपासायला येणारी बरीचशी ‘चुकीची’ नाणी प्रत्यक्षात झिजलेली किंवा मार खाल्लेली निघतात. आशेने आलेल्या माणसाला तसे सांगणे आम्हालाही जड जाते. म्हणून नाणे आणण्याआधी ते एकदा घरीच पाहा. दहापट मोठे दाखवणारे भिंग, बारीक वजनकाटा आणि त्याच प्रकारचे एक साधे नाणे एवढे जवळ असले की पुरे.

धातूच्या पट्टीतून चकती कापतात, तिची कड उचलतात, म्हणजे दाबून जराशी उंच करतात, मग दोन ठशांमध्ये (नक्षी उलटी कोरलेल्या साच्यांमध्ये) दाबून ती छापतात. टांकसाळीची चूक याच कामात होते. छापून बाहेर पडलेल्या नाण्याचे पुढे जे होते, ते नुकसान.

रेघ दिसली तर ती उंच आहे की खोल, हे आधी बघा. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या काठाला सरकलेला धातू साचतो.

सर्वांत जास्त गफलत होते ती दुहेरी अक्षरांत. अमेरिकेच्या १९५५ च्या प्रसिद्ध एक सेंटच्या नाण्यात ठसा बनवतानाच आकृती दोनदा, जराशी फिरून उमटली होती. अशा नाण्यात दोन्ही अक्षरे भरीव दिसतात आणि त्यांची टोके दुभंगलेली असतात. छापताना सैल ठसा हलला, तर अक्षराच्या बाजूला नुसती सपाट पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होते. हेही यंत्रातच घडते, पण इतके सर्रास की आम्ही ते चुकीत धरत नाही.

कडेचा तुकडा नसेल तर बरोबर समोरची कड तपासा. चकतीच मुळात अपुरी कापली गेली असेल, तर कड उचलताना त्या जागी दाब मिळत नाही आणि समोरची कड बहुधा पुसट राहते. तुकडा नंतर कापला असेल तर ती ठसठशीत असते.

अक्षर गायब असेल तर आजूबाजूला पाहा. झीज उंच भागांपासून सुरू होते. ठशात वंगण साचले असेल तर तेवढेच अक्षर पुसट होते, शेजारचा उठाव मात्र धारदार राहतो.

धातूच्या चुकीबाबत वजनावर विश्वास ठेवा, रंगावर नको. १९४३ साली युद्धामुळे अमेरिकेचे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे निघाले. मोजकेच चुकून जुन्या ब्राँझच्या चकत्यांवर छापले गेले. तांब्याचा मुलामा चढवलेली पोलादी नाणी त्यांच्या नावाने भरपूर फिरतात. ती चुंबकाला चिकटतात, ब्राँझचे चिकटत नाही आणि त्याचे वजन ३.११ ग्रॅम भरते. चुंबकाला न चिकटणाऱ्या नाण्याचाही ३ हा आकडा भिंगातून पाहा; १९४८ मधला ८ तासून ३ केलेली नाणीही सापडतात.

एक कळकळीची विनंती: नाणे घासू नका, चिंच-लिंबाने उजळवू नका. धातू ठशाखाली कसा वाहिला याच्या बारीक खुणा त्या पृष्ठभागावरच असतात, आणि आम्ही निदान त्यांवरूनच करतो. नाणे कडेने धरा आणि आहे तसे, कागदाच्या पाकिटात घालून आणा.